इराणवरचे अमेरिकी निर्बंध: चालतात कसे आणि उठत का नाहीत?

अपरांत

इराणवरच्या निर्बंधांची चर्चा आपल्याकडे दोन टोकांना जाते. एक बाजू अमेरिकेच्या दादागिरीवर बोलते, दुसरी म्हणते इराणला दुसरी भाषाच कळत नाही. पैसा नेमका कुठे अडतो, कोणत्या कायद्याने अडतो आणि कोणाच्या सहीने सुटतो, हे दोन्हीकडे राहून जातं. ते नीट मांडावं म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो: निर्बंध लावायला वॉशिंग्टनमधली एक सही पुरते, पण त्याच सहीने ते उठवले तर त्यावर विसंबून व्यवहार करायला कोणतीही मोठी बँक आता तयार नाही. अमेरिकेचं इराणविषयक धोरण गेली काही वर्षं इथेच रुतलं आहे.

मर्यादा: १९७९ ते ऑक्टोबर २०२५. लढाईच्या रोजच्या बातम्या इथे नकोत.

पाया १४ नोव्हेंबर १९७९ चा. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाच्या ओलीसप्रकरणात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून इराणची मालमत्ता गोठवली. त्या आणीबाणीला तेव्हापासून दरवर्षी मुदतवाढ मिळत आली आहे. मार्च १९९५ मध्ये क्लिंटन यांनी इराणच्या तेलविकासाचे करार बंद केले आणि मे महिन्यात जवळजवळ सगळा व्यापार. हे झाले प्राथमिक निर्बंध. ते अमेरिकी नागरिक, अमेरिकी कंपन्या आणि अमेरिकेच्या हद्दीतून जाणारा पैसा यांनाच लागू होतात.

दुय्यम निर्बंध वेगळे. ते तिसऱ्या देशातल्या कंपनीला सांगतात की इराणशी व्यवहार केलात तर अमेरिकेचा बाजार तुम्हाला बंद. १९९६ च्या कायद्यात इराणच्या तेल-वायू क्षेत्रात वर्षाला ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपनीवर कारवाईची तरतूद होती (मर्यादा पुढे २ कोटींवर आली). युरोपने आरडाओरडा केला आणि साउथ पार्स वायुक्षेत्रात उतरलेल्या फ्रेंच कंपनीला १९९८ मध्ये सूट मिळाली. त्यामुळे बरीच वर्षं तो कायदा कागदावरच होता.

दात आले ते पुढच्या तीन पायऱ्यांनी.

पहिली, १० नोव्हेंबर २००८. तोपर्यंत बिगर-अमेरिकी बँकेतून निघालेला इराणी तेलाचा डॉलर न्यूयॉर्कला फक्त स्पर्श करून दुसऱ्या बिगर-अमेरिकी बँकेत जाऊ शकत असे. ती सवलत त्या दिवशी संपली. मुंबईतल्या बँकेचे डॉलर शेवटी तिने न्यूयॉर्कच्या बँकेत उघडलेल्या (नॉस्ट्रो) खात्यातच असतात, हे लक्षात घेतलं की या एका बदलाचं वजन कळतं.

दुसरी, २०१० चा कायदा. काळ्या यादीतल्या इराणी बँकेचा मोठा व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकेचं अमेरिकेतलं खातंच बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

तिसरी, ३१ डिसेंबर २०११ ला सही झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातलं कलम १२४५. इथे थेट इराणची मध्यवर्ती बँक लक्ष्य झाली. तेलाबाबत मुख्य अपवाद असा: एखाद्या देशाने इराणी तेलाची खरेदी लक्षणीय कमी केली, तर त्याच्या बँकांना १८० दिवसांची सूट. दर १८० दिवसांनी पुन्हा कपात, पुन्हा सूट. बाजारात दुसरीकडचं तेल पुरेसं आहे, असा निर्वाळाही राष्ट्राध्यक्षांना द्यावा लागतो. भाव न भडकवता इराणची विक्री टप्प्याटप्प्याने घटवायची, अशी ही रचना होती.

‘मोठा व्यवहार’ म्हणजे किती, हा आकडा कायद्यात नाही. रक्कम, वारंवारता, हेतू अशा निकषांवर अमेरिकी अर्थखात्याचं ओफॅक हे कार्यालय ठरवतं. रेषा आखलेली नसल्याने बँका तिच्यापासून फार लांब उभ्या राहतात. आणि भीती खरी आहे: सुदान, इराण, क्यूबाचे व्यवहार लपवल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला २०१४ मध्ये सुमारे ९ अब्ज डॉलर भरावे लागले.

भारताची बाजू हिशेबनीसांनी आणि जहाजांची दर्यासारंग यांनी लिहावी अशी विनंती.

---

हिशेबनीस | भारताने पैसे कसे दिले

अपरांतसाहेब, धागा उत्तम. क्रमाने लिहितो.

डिसेंबर २०१० पर्यंत इराणचं तेल आशियाई क्लिअरिंग युनियनमधून चुकतं होत होतं. सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँका देणी-घेणी एकत्र करून ठरावीक मुदतीने फरक चुकवत. यात एकेका व्यवहाराचा माल आणि लाभार्थी दिसत नाही, हाच अमेरिकेचा आक्षेप होता. रिझर्व्ह बँकेने तो मार्ग बंद केला. मग हॅम्बुर्गमधल्या एका इराणी मालकीच्या बँकेतून युरोत पैसे गेले. मे २०११ मध्ये युरोपीय संघाने तिलाच यादीत टाकलं. पुढे तुर्कस्तानची हाल्कबँक. तोही रस्ता डळमळीत झाल्यावर २०१२ मध्ये कोलकात्याची युको बँक आली. अमेरिकेत फारसं काही गमवायला नसलेली सरकारी बँक, म्हणून तिची निवड.

सुरुवातीला बिलाचा ४५ टक्के भाग रुपयांत युको बँकेच्या खात्यात जमा होऊ लागला. इथे एक अडचण आली जिची चर्चा होत नाही: प्राप्तिकर. परदेशी कंपनीला भारतात रुपयांत उत्पन्न मिळालं की कर कापण्याचा प्रश्न येतो आणि इराणची तेल कंपनी तो भार घ्यायला तयार नव्हती. म्हणून २०१२ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम १०(४८) घातलं आणि अधिसूचित परदेशी कंपनीला कच्च्या तेलाच्या रुपयांतल्या विक्रीवर करमाफी दिली. अमेरिका २०१५ च्या अणुकरारातून बाहेर पडल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये हीच व्यवस्था पुन्हा उभी करताना नवी अधिसूचना काढावी लागली.

६ फेब्रुवारी २०१३ पासून आणखी एक पेच बसला. तेलाचा पैसा खरेदीदार देशातच खात्यात राहील आणि त्याच देशाच्या मालावर खर्च होईल, तरच सूट. चीनचा पैसा चीनमध्ये, कोरियाचा कोरियात, आपला भारतात.

दोष उघड आहे. आपलं तेलाचं बिल मोठं, इराणला लागणारा आपला माल त्यामानाने थोडा. खात्यात रुपये साचत गेले. त्यातून बासमती, चहा, औषधं, सोयापेंड यांची निर्यात मात्र वाढली. लातूर आणि विदर्भाच्या पट्ट्यातल्या सोयाबीनच्या भावाचा या खात्याशी संबंध होता तो असा. मे २०१९ मध्ये आपण इराणी तेल पूर्ण थांबवलं आणि गणित उलटलं: खात्यात नवे रुपये येणं बंद, शिल्लक संपत चालली, निर्यातदारांची बिलं अडकली. इराणकडे माल पाठवणाऱ्याने बातम्यांपेक्षा त्या खात्यातल्या शिलकीकडे पाहायला हवं होतं, कारण तेल थांबल्यावर पैशाला दुसरा झराच नव्हता.

सोलापूर भागातल्या केळीलाही इराण ही मोठी बाजारपेठ. नाशवंत माल आणि महिनोन्‌महिने रखडणारं पेमेंट यांचं जमत नाही, म्हणून अशा व्यवहारात आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कंटेनर भरू नये.

---

निळाई | एक प्रश्न

वाचतेय, खूप माहिती मिळाली. औषधं आणि धान्य निर्बंधांतून वगळलेली आहेत असं अमेरिका नेहमी सांगते. मग इराणमध्ये कर्करोगाच्या औषधांचा तुटवडा का पडतो?

---

हिशेबनीस | @निळाई

ताई, वगळलेला असतो तो माल. पैशाचा रस्ता वगळलेला नसतो.

एका औषधाच्या खेपेला काय काय लागतं ते बघा. युरोपातला उत्पादक, त्याची बँक, मधली एखादी बँक, इराणी आयातदाराची बँक आणि त्यामागे परकीय चलन देणारी इराणची मध्यवर्ती बँक. जहाज आणि विमा वेगळेच. या साखळीत एकानेही नकार दिला की खेप थांबते. बँकेला अशा व्यवहारातून मिळणारं कमिशन काही हजार युरो, चूक झाली तर दंड कोटींत, आणि प्रत्येक खेपेला आयातदाराची मालकी तपासायची. ओफॅकच्या नियमाने यादीतल्या व्यक्तींकडे मिळून ५० टक्के किंवा अधिक हिस्सा असेल तर ती कंपनी आपोआप गोठते, मग तिचं नाव यादीत असो वा नसो. इराणमध्ये अनेक कारखान्यांचे भाग निवृत्तिवेतन निधी आणि प्रतिष्ठानांकडे असतात. तो शोध घेण्यातच आठवडे जातात. त्यामुळे बँका सरसकट नाही म्हणतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये इराणची मध्यवर्ती बँक दहशतवादविरोधी आदेशाखाली आल्यावर हे आणखी कठीण झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये ओफॅकला त्यासाठी वेगळा सर्वसाधारण परवाना काढावा लागला आणि स्वित्झर्लंडमार्फत औषध-अन्नासाठी खास मार्ग सुरू झाला. त्याची चाचणी जानेवारीत झाली होती: सुमारे २३ लाख युरोंची कर्करोग आणि अवयव प्रत्यारोपणाची औषधं. साडेआठ कोटींच्या देशाला ते किती पुरणार? यातला मानवी त्रास पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता. कायद्याने सूट देऊन रस्ता बंद ठेवणं हे धोरण म्हणून मला अक्षम्य वाटतं.

---

दर्यासारंग | विमा, जहाजं आणि आपली मुलं

बँकेनंतरचा दुसरा फास विम्याचा. जगातल्या सुमारे ९० टक्के जहाज-टनेजचं तिसऱ्या पक्षाचं दायित्व पी अँड आय क्लबांच्या (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थांच्या) एका गटाकडे आहे आणि त्यांचा कारभार व पुनर्विमा मुख्यतः लंडन-युरोपशी बांधलेला. १ जुलै २०१२ ला युरोपीय संघाची बंदी लागू झाली आणि इराणी तेल नेणाऱ्या टँकरचं संरक्षण एका रात्रीत गेलं. तेल सांडलं तर भरपाई कोण देणार, या प्रश्नाला उत्तर नसेल तर कुठलंही बंदर जहाज आत घेत नाही. भारताने सरकारी विमा कंपनीकडून एका फेरीला ५ कोटी डॉलरचं कवच दिलं. अब्जांतल्या नेहमीच्या कवचापुढे ते तोकडंच. बरंचसं तेल इराणने स्वतःच्या टँकरमधून, स्वतःच्या जोखमीवर पोचवलं. पुढे तर युरोपीय पुनर्विमा कंपन्यांच्या अटींमुळे इराणी तेल शुद्ध करणाऱ्या आपल्या रिफायनऱ्यांच्या विम्याचाच प्रश्न उभा राहिला. मंगळूरला त्याची झळ जास्त, कारण तिथे इराणी तेलाचं प्रमाण मोठं होतं.

२०१८ नंतरचा खेळ वेगळा. सुमारे २० लाख पिंपं मावणारा जुना महाकाय टँकर इराणच्या खारग बेटावर भरतो, ठावठिकाणा सांगणारं एआयएस यंत्र बंद करतो किंवा खोटी जागा दाखवतो, आणि मलेशियाच्या पूर्वेच्या समुद्रात दुसऱ्या जहाजाला लागून माल बदलतो. तिथून तेल ‘मलेशियाचं’ म्हणून चीनच्या शानतुंग प्रांतातल्या लहान खाजगी रिफायनऱ्यांकडे जातं. चीनच्या सीमाशुल्क आकडेवारीत २०२२ च्या मध्यानंतर इराणी तेल शून्य आहे, प्रत्यक्षात इराणच्या निर्यातीचा बहुतांश भाग तिथेच जातो. या रिफायनऱ्यांना अमेरिकेत काही गमवायचं नाही, म्हणून दुय्यम निर्बंधांची धमकी त्यांना लागत नाही. मार्च २०२५ पासून त्यांच्यातल्या काहींना एकेक करून यादीत टाकणं सुरू झालं. त्याचा परिणाम खरेदी थांबण्यापेक्षा सवलत वाढण्यात जास्त दिसतो.

आता कोकणातल्या आणि एकूणच जहाजावर जाणाऱ्या मुलांसाठी. असल्या जहाजांवर भारतीय खलाशी पुष्कळ असतात. सही करण्याआधी हे तपासा:

भरती करणाऱ्या एजंटचा आरपीएसएल परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर चालू दिसतो का. ‘पर्यटक व्हिसावर जा, दुबईत सही करू’ म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या.

जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागा. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३+०+३५+१६+२१+४ = १३९, शेवटचा ९, बरोबर. न जुळणारा क्रमांक बनावट. जुळला म्हणून जहाज स्वच्छ ठरत नाही, दुसऱ्या जहाजाचा क्रमांक चोरलेला असू शकतो. म्हणून इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर त्या क्रमांकाचं नाव, झेंडा, वय आणि वर्गीकरण संस्था पाहा. वर्षभरात दोन-तीनदा झेंडा बदललेला, वय वीसच्या वर, मालक कालपरवा नोंदलेली कंपनी आणि विमा कुणाचा ते कळत नाही: असं जहाज असेल तर जाऊ नका. अपघात झाला किंवा मालकाने जहाज सोडून दिलं, तर पगार आणि घरी परतण्याचं तिकीट मागायला समोर कोणी नसतं.

---

अणुरेणू | अणूचं गणित

या सगळ्या दबावाचा हेतू अणुकार्यक्रम रोखणं हा होता, म्हणून ती बाजू.

१४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना अणुकरारात इराणने मान्य केलं: युरेनियमचं समृद्धीकरण (त्यातल्या विखंडनक्षम भागाचं प्रमाण वाढवणं) ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलो, सुमारे १९ हजारांतली ५,०६० जुनी सेंट्रिफ्यूजच (समृद्धीकरणाची फिरती यंत्रं) नतान्झच्या केंद्रात चालणार, फोर्दोच्या केंद्रात १५ वर्षं युरेनियम नाही, अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ११ टन माल जहाजाने रशियाला गेला. एका बाँबपुरता माल तयार करायला लागणारा काळ दोन-तीन महिन्यांवरून वर्षावर गेला.

टक्केवारी फसवी असते. नैसर्गिक युरेनियम ०.७ टक्के. तिथून शस्त्रयोग्य ९० टक्क्यांपर्यंत जाण्याच्या एकूण श्रमांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त श्रम ४-५ टक्क्यांपर्यंतच होऊन जातात, २० टक्क्यांवर पोचेपर्यंत सुमारे ९० टक्के आणि ६० वर आलं की जवळजवळ सगळे. म्हणून ३.६७ आणि ३०० किलो या दोन मर्यादा करारात सर्वांत मोलाच्या होत्या.

८ मे २०१८ ला ट्रम्प करारातून बाहेर पडले. इराणने वर्षभर वाट पाहिली. जुलै २०१९ मध्ये दोन्ही मर्यादा ओलांडल्या, जानेवारी २०२१ मध्ये २० टक्के, एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्के. जून २०२५ च्या इस्रायल-अमेरिकेच्या हल्ल्यांच्या वेळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबाने ६० टक्क्यांचा साठा ४४०.९ किलो होता. संस्थेच्या मापाने अशा सुमारे ४२ किलोंपासून पुढे समृद्ध करून एक बाँब होऊ शकतो. निर्बंध सर्वांत कडक होते त्याच काळात साठा सर्वांत वेगाने वाढला.

---

विदुर | थोडा विरोध

चर्चा एकांगी होतेय. इराण २०१३ मध्ये वाटाघाटींना बसला तो निर्बंधांमुळेच. तेलाची निर्यात निम्म्यावर आली, रियाल कोसळला, मार्च २०१२ मध्ये स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेने इराणी बँका तोडल्या. त्या दबावाशिवाय २०१५ चा करार झाला नसता. हत्यार चालतं, ते कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आहे.

---

अपरांत | @विदुर

दबावामुळे इराण टेबलावर आला हे मान्य. माझा मुद्दा त्यानंतरच्या पायरीचा आहे. दबावाची किंमत तो उठवण्याच्या आश्वासनात असते, आणि ते आश्वासन कसं बांधलं होतं ते बघा.

अमेरिकी संसदेने निर्बंधांचे कायदे रद्द केले नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी ते १२० किंवा १८० दिवसांच्या माफीने स्थगित ठेवायचे, मुदत संपली की पुन्हा सही. शिवाय इराण करार पाळतोय असं दर ९० दिवसांनी संसदेला प्रमाणपत्र. कायदे कायमचे काढण्याचा प्रयत्न आठ वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये करायचा होता. मधल्या काळात, डिसेंबर २०१६ मध्ये, सिनेटने १९९६ चा कायदा ९९ विरुद्ध ० मतांनी आणखी दहा वर्षं वाढवला. दहा वर्षांचं कर्ज देणाऱ्या बँकेने चार महिन्यांच्या सहीवर कसं विसंबावं?

विमानांचं उदाहरण घ्या. इराणएअरने एअरबसची १०० आणि बोइंगची ८० विमानं मागवली. एअरबस युरोपीय, पण विमानात १० टक्क्यांहून जास्त अमेरिकी भाग असल्याने ओफॅकचा परवाना लागला. परवाना मिळाला, तरी मोठ्या बँका वित्तपुरवठ्याला आल्या नाहीत. २०१८ पर्यंत एअरबसची तीन विमानं पोचली, बोइंगचं एकही नाही. टोटल या फ्रेंच तेल कंपनीने साउथ पार्सचा ११ वा टप्पा सोडताना कारण स्वच्छ सांगितलं: तिच्या ९० टक्क्यांहून जास्त वित्तव्यवहारांत अमेरिकी बँका होत्या. युरोपने जानेवारी २०१९ मध्ये इन्स्टेक्स ही वस्तुविनिमयाची कंपनी काढली. तिचा पहिला व्यवहार मार्च २०२० मध्ये झाला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली.

त्याहून घातक होतं ते निर्बंधांचं लेबल बदलणं. एप्रिल २०१९ मध्ये रिव्होल्यूशनरी गार्ड हे इराणचं लष्करी दल परदेशी दहशतवादी संघटना ठरली, सप्टेंबरमध्ये मध्यवर्ती बँक दहशतवादाच्या आदेशाखाली आली. अणुकरार पुन्हा झाला तरी ही बंधनं अणुकराराच्या कक्षेबाहेर राहतात. २०२२ च्या व्हिएन्ना वाटाघाटी अडखळल्या त्यात गार्डचं यादीतलं नाव हा मोठा अडसर होता.

विदुर, हे हत्यार उचलणाऱ्याला खाली ठेवता यायला हवं, आणि तशी रचना अमेरिकेने एकदा करून दाखवली आहे: जानेवारी १९८१, अल्जीरियाच्या मध्यस्थीने झालेला अल्जीयर्स करार. गोठवलेल्या पैशांपैकी सुमारे ८ अब्ज डॉलर आधी बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे ठेवले. ५२ ओलीस इराणबाहेर पडल्याचं अल्जीरियाने प्रमाणित केलं की पैसे सुटणार. त्यातले सुमारे ३.७ अब्ज थकीत कर्जांना गेले, १.४ अब्ज वादातल्या दाव्यांसाठी राखले, उरलेले सुमारे २.९ अब्ज इराणला. दाव्यांसाठी हेगला लवाद बसला, तो दशकानुदशकं चालत राहिला. पैसा आधी तिसऱ्याच्या हातात गेला होता, म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्याच दिवशी सरकार बदलूनही व्यवहार मोडला नाही.

याची तुलना कोरियातल्या ६ अब्जांशी करा. सप्टेंबर २०२३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते कतारला गेले, खर्च मात्र अमेरिकेच्या देखरेखीखाली व्हायचा होता. हमासने ७ ऑक्टोबरला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर ते तिथेच थिजले.

---

विदुर | @अपरांत

अल्जीयर्सचा तपशील मोलाचा. पण मग संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्नॅपबॅक’चं, म्हणजे जुने निर्बंध परत आणणाऱ्या अटीचं काय? ती तर इराणला कळत असलेली, करारातच लिहिलेली अट होती.

---

अपरांत | @विदुर

हो, आणि ती चलाखीने बांधलेली होती. सुरक्षा परिषदेच्या ठराव २२३१ प्रमाणे करारातल्या कोणत्याही देशाने तक्रार केली की ३० दिवसांत ‘सूट चालू ठेवावी’ असा ठराव मंजूर व्हावा लागे. नकाराधिकार त्या ठरावाला मारी, म्हणजे जुने निर्बंध परत येत. रशिया-चीनचा व्हेटो इथे इराणला वाचवू शकत नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेने हे कलम वापरू पाहिलं, पण ती करार सोडून गेली असल्याने सुरक्षा परिषदेतल्या १५ पैकी १३ सदस्यांनी तिचा अधिकारच मानला नाही. २८ ऑगस्ट २०२५ ला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने तेच वापरलं आणि सप्टेंबरअखेर निर्बंध परतले. इराणने करार मोडला तर काय होईल याची इतकी काटेकोर तरतूद होती. अमेरिका बाहेर पडली तर काय? तर इराण आपली बंधनं पाळणं थांबवू शकतो, एवढंच करारात होतं; अमेरिकेला रोखणारं काही नव्हतं.

---

गोदातीर | चाबहार

वरच्या चर्चेला भारताचं सर्वांत स्पष्ट उदाहरण इराणमधलं चाबहार बंदर आहे, म्हणून जोडतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी या बंदराला निर्बंधांतून सूट दिली. डिसेंबरमध्ये इंडिया पोर्ट्स ग्लोबल या भारतीय सरकारी कंपनीने तिथल्या शहीद बेहेश्ती बंदराचं कामकाज हाती घेतलं. कागदावर अडचण उरली नव्हती. पण बंदर चालायला क्रेन लागते, आणि परदेशी उत्पादक सूट असूनही माल द्यायला कचरत राहिले, कारण त्यांच्या बँका इराणच्या नावावरचं पतपत्र हाताळत नव्हत्या. १४० टन क्षमतेच्या पहिल्या दोन फिरत्या क्रेन जानेवारी २०२१ मध्ये पोचल्या, म्हणजे ताबा घेतल्यावर दोन वर्षांनी.

१३ मे २०२४ ला दहा वर्षांचा करार झाला: १२ कोटी डॉलरची साधनसामग्री आणि २५ कोटींचं कर्ज. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने सुटीचा फेरविचार सुरू झाला, २९ सप्टेंबरपासून ती रद्द झाली, आणि ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांपुरती परत मिळाली. दहा वर्षांचा करार सहा महिन्यांच्या सुटीवर उभा असेल तर क्रेनच्या सुट्या भागांची मागणी कोणत्या मुदतीची नोंदवायची, देखभालीचा करार किती काळाचा करायचा आणि जहाज कंपनीला नियमित फेरीचं वेळापत्रक कशाच्या भरवशावर द्यायचं, हे प्रश्न तिथल्या व्यवस्थापकाला दर सहा महिन्यांनी नव्याने सोडवावे लागतात. मुंद्रा किंवा न्हावाशेव्यातून तिकडे माल पाठवणाऱ्यांनी करारात सूट रद्द झाल्यास माल कोणत्या पर्यायी बंदरात उतरेल आणि जादा भाडं कोण देईल, हे कलम आधीच लिहून घ्यावं.